दोन दारांची

शुक्रवारची नमाज सुटली की शारजातला जुन्या गाड्यांचा बाजार
झोपमोड झाल्यासारखा उठतो.
काचांवर खडूने लिहिलेले आकडे,
बॉनेटला हात लावला तर फोड येईल असं ऊन,
आणि मी. वय सत्तेचाळीस,
शीतगृहाच्या कंपनीत हिशेबनीस,
लायसन सातव्या परीक्षेला मिळालेलं.

उल्हास फोनवर म्हणाला होता, ताई, चार दारांची घे,
आम्ही आलो तर बसणार कुठे?
अकरा वर्षांत आले नाहीत ते.
मी गप्प राहिले. बोलले असते
तर त्याच्या फ्लॅटचे हप्ते बोलले असते.

मला दोन दारांचीच हवी होती.
बुटकी, नाक खाली घालून बसलेली,
झेप घ्यायच्या आधी मांजर बसतं तशी.
ऑफिसच्या खिडकीखालून रोज संध्याकाळी एक जाते.
आधी आवाज येतो, मग ती,
मग बराच वेळ नुसता रस्ता.

अबू नासेर माझ्याशी बोलतच नाही.
सगळं रियासतभाईंना सांगतो: एकच मालक, डॉक्टर,
क्लिनिक ते घर, घर ते क्लिनिक.
रियासतभाई मिरपूरचे, आमच्या ट्रकांचे मेकॅनिक,
टॉर्च घेऊन तिच्या पोटाखाली शिरलेले.
"मालकीण त्या आहेत," ते तिथूनच म्हणतात.
अबू नासेर त्यांच्या बुटांकडे बघून मान डोलावतो.

रंग लाल म्हणायचा, पण उकडलेल्या बीटाचा.
एक लाख एकतीस हजार किलोमीटर.
मागची सीट म्हणजे नुसती समजूत:
तिथे दहा किलो तांदळाची पिशवी बसेल,
आग्रह केला तर दोन.

मी आत बसले. दार ओढलं.
बाजार एकदम लांब गेला
आणि वास आला.

लिंबाच्या सेंटखालून, पॉलिशखालून,
ओळख दाखवू की नको अशा बेताने.
ज्याच्या घरात कृष्णा छातीइतकी
उभी राहून गेली आहे, त्या सांगलीकराला
तो झोपेतही कळेल.
गाळाचा.
महिन्याने कपाट उघडल्यावर येतो,
आईच्या शालूला येतो, शाळेच्या दाखल्याला येतो,
धुतलेल्या भांड्याला तर हमखास.

उतरले. डिकी उघडली, गालिचा उचलला,
स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं.
वाळू नव्हती. वाळू बोटावरून ओघळते.
हा चिकटून राहिला, राखाडी, भिजल्या पिठासारखा.
ज्या एप्रिलात इथल्या रस्त्यांवर होड्या चालल्या
त्या एप्रिलातला.

"किती पाण्यात होती?"
अबू नासेर पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.
"स्टिअरिंगपर्यंत नाही," म्हणतो. मग थांबून,
"सीटपर्यंत."
रियासतभाई बाहेर येतात, हात पुसतात.
"चला मॅडम. बुडालेली गाडी वायरीवायरीने मरते.
आज काच, उद्या गिअर."
त्यांचं बरोबर असतं. नेहमीच असतं.

दादांची शिलाई मशीन तीन दिवस पाण्यात होती.
त्यांनी ती स्क्रूस्क्रूपर्यंत सोडवली,
रॉकेलने पुसून गच्चीवर वर्तमानपत्रावर मांडली,
कुठला तुकडा कुठला ते पेन्सिलीने लिहून.
पुढे एकोणीस वर्षं चालली.
उलटी टीप मारताना तेवढी कुरकुरायची.
हे काही कारण नव्हे. कळतं मला.
शिलाई मशीनला कॉम्प्युटर नसतो.

"चोवीस हजार."
"तेरा."
तो हसला. रियासतभाईंनी डोळे मिटले.
चहा आला, कागदी कपात, साखरेने जड.
सोळा.

आठ दिवस गॅरेजमागे वाळत घातली तिला,
सीट काढून, गालिचे काढून,
दोन्ही दारं सताड उघडी.
खाडीवरच्या खांबावर पाणकावळा
पंख पसरून बसतो ना, तशी.
चार दारांची अशी दिसली नसती.

उल्हासला अजून सांगितलेलं नाही.
आज रात्री खोर फक्कानचा रस्ता, डोंगरातून.
मागे तांदूळ, दहाच किलो.
डावी काच अर्ध्यात अडकली आहे,
वर जात नाही, खाली येत नाही.
वारा आत येतो आणि सेंटचा वास आधी जातो.