शिडी धरणारा

परातेकाकांची शिडी मी सात वर्षं धरली,
पाचपावलीच्या फाटकापासून
बंद पडलेल्या हातमाग सोसायटीच्या भिंतीपर्यंत.
वर ते, खाली मी.
माझ्या कानामागं अजून निळा डिस्टेंपर असेल.

मे महिन्यात भिंत तव्यासारखी,
रंग ब्रशवरच वाळायचा;
म्हणून काम रात्री, खांबावरच्या दिव्यात.
चहावाली कौतिकाबाई खालून ओरडायची,
‘काऊन हो, माझं नाक एवढं मोठं?’
‘भिंतच मोठी हाय, बाई.’

सही त्यांनी कधी केली नाही.
कोपऱ्यात एक धोटा काढायचे,
बापाच्या मागावरचा.

ते गेल्यावर तिसऱ्या वर्षी,
मारबतीच्या दुसऱ्या दिवशी,
पाइपलाइनसाठी अर्धी भिंत फोडली.
कौतिकाबाईचा पदर गेला, धोटा गेला,
नाक राहिलं.
बाईही नाही आता. तिचा नातू
त्याच नाकाखाली ठेला लावतो,
फोनवर पत्ता सांगतो,
‘नाकापाशी ये बे.’

परवा पोट्टे उरलेल्या विटांवर
कोळशानं काहीतरी काढत होते.
घोडा असावा, नाहीतर बकरी.
कानापर्यंत हात पुरत नव्हता.
मी घरी जाऊन शिडी आणली.
तिसरी पायरी हलते,
तेवढं सांगितलं.