चार शिंगं

अशोक चौकाच्या मागं, पाण्याच्या टाकीला टेकून
आम्ही गच्चीवर जग मांडतो,
दर गुरुवारी रात्री, कारण शुक्रवारी माग बंद.
नकाशा जकार्डच्या ग्राफ कागदावर.
वडिलांच्या कपाटातला गठ्ठा, त्यावर
एक मोर काढायचा राहून गेला होता.
एक चौकोन म्हणजे एक धागा, ते शिकवायचे.
आता एक चौकोन म्हणजे पाच पावलं,
आणि जिथं मोराची मान येणार होती
तिथून एक भुयार खाली जातं.

खेळ मी चालवते. म्हणजे दारं, वारा, दरोडेखोर,
देवांची मर्जी, सगळं माझ्या वहीत.

सुहेल नदाफ दिवसा गाद्या भरतो, रात्री चोर असतो.
त्याला कोळशाच्या काळातला चतुर पाहिजे,
दीड हात पंखांचा.
"त्याच्यावर बसून जाऊ की बे."
बसता येत नाही, वजन बघ स्वतःचं.
"ड्रॅगन उडतो तेव्हा वजन कुठं जातं?"
मला उत्तर सुचत नाही.
चतुराला खोगीर मिळतं.

विजयालक्ष्मी कोडम, सिव्हिलला नर्स,
डंकलिओस्टियस मागते.
दात नसलेला मासा; जबड्याचं हाडच
घासून घासून कोयता झालेलं.
सिद्धेश्वर तलावाएवढ्या डोहात मी तो सोडला.
तीन आठवडे त्यात कुणी पाय धुतले नाहीत.

आणि मल्लिनाथ हत्तुरे. त्याचं एकच: शिवथेरियम.
जिराफाचा चुलता, मान आखूड, अंग हत्तीच्या वळणाचं,
दोन शिंगं पुढं, दोन रुंद मागं.
"आपल्या देवाचं नाव आहे बे त्याला."
शिवालिकच्या डोंगरात सापडला म्हणून, मी सांगते.
"मग शिवालिक कुणाचं?"

आमच्या पायाखाली असलं काही सापडायचं नाही.
बोअर मारा, चारशे फूट:
काळा दगड, मुरूम, पुन्हा काळा दगड.
लाव्हा आला, थांबला, परत आला,
खाली कोण होतं विचारायला कुणी उरलं नाही.
बोअरवाला फक्त पाणी लागलं का ते सांगतो.
म्हणून आमची जनावरं वरून येतात,
मुठीतून, फाशातून.

(मागे कुणीतरी आमच्या मागांना डायनासोर म्हणालं.
वडील जेवता जेवता थांबले.
"ते मेले. आम्ही विकलो गेलो. किलोवर.")

गेल्या गुरुवारी राणीचं फर्मान होतं:
शिंगं आणा, हजार मोहरा न्या.
भुयार संपलं तिथं आभाळ होतं, बाभळी होत्या,
ओल्या घोंगडीसारखा वास होता, आणि तो.
एक कान फाटका.
"झोपलाय?" नाही.
"अंगावर येतोय?" नाही.
"मग काय करालाय?"
चघळतोय.

विजयालक्ष्मीनं विचारलं, असे किती उरलेत?
हे मी ठरवलंच नव्हतं.
वहीत नुसतं लिहिलेलं: जीव एकशे चाळीस.
तोंडातून गेलं, नान्नजच्या माळढोकाएवढे.
मल्लिनाथनं लहानपणी तिथं एक बघितलाय.
की लांडोर होती, त्याला नक्की आठवत नाही.

फासा त्याच्याकडं होता,
वीस बाजूंचा, पुण्याहून मागवलेला, सात पुसट झालेला.
त्यानं मूठ उघडली नाही.
टाक, नाहीतर पाळी जाईल.
"जाऊ दे."
"आणि माझा हिस्सा?" सुहेल म्हणाला,
मग अर्धा तास भांडण, डास,
शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण कुठं गेलं यावरही.

वडील टाकी बघायला वर आले.
टॉर्च कागदावर पडला.
"इदी एंदी?"
मी काढलेलं जनावर, शिंगांसकट.
ते खाली बसले, नखानं चौकोन मोजले,
एकदा उजवीकडून, एकदा वरून.
"चार शिंगं बसत नाहीत यात. विणताना तुटतील."
कानामागची पेन्सिल काढून
त्यांनी त्याची मान
दोन धागे डावीकडं घेतली.