सोमवारच्या चकोल्या

आमचे अण्णा दिवस असताना जेवतात.
भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक अक्षरांत
सूर्यास्ताची वेळ छापलेली असते,
ती चष्मा कपाळावर सरकवून वाचतात,
आणि त्याआधी पाट मांडून
जेवून घेतात. अक्का गेल्यापासून एकटे.

आम्ही बाकीचे नऊला, साडेनऊला, जसे येऊ तसे.
श्रेणिक उद्यमनगरातून, हाताला ऑइलचा वास घेऊन.
मी शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरून.
पोरं क्लासवरून, वाटेत काहीतरी खाऊन.
तेच पातेलं चार वेळा गरम होतं
आणि खालचा भात
कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आम्ही रात्रीचं खातो, अण्णांना माहीत आहे.
बारा वर्षांत एकदाही बोलले नाहीत.
फक्त अंधार पडला
की स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत.

सोमवारी उद्यमनगर बंद.
मी पेढीवर सांगितलं, आज चारला जाणार.
शेठ म्हणाले, घरात लगीन हाय काय?
म्हटलं, चकोल्या हायत.

चकोल्याच का, तर त्यांना अक्कल लागत नाही.
कुकरला तुरीची डाळ,
परातीत घट्ट कणीक,
फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या,
वर आमसूल आणि पेढीवरचा गुळाचा खडा.
एक पातेलं. मग ज्यानं त्यानं काय हवं ते करावं.

त्रिशला म्हणाली, मी लाटतो, तू सर.
लाटलं तिनं, आणि पोळीचा सांगली जिल्हा झाला.
श्रेणिकनं खरंच कपाटातून स्टीलची पट्टी आणली.
लेथवर शतांश मिलिमीटर मोजणारा माणूस,
शंकरपाळ्याच्या चारी बाजू जुळल्याशिवाय
सुरी उचलेना.
सन्मतीनं एक बुलेट कापली. चाकं वेगळी.

अण्णा दारात उभे.
बराच वेळ उभे.
मग म्हणाले, मी काय करू?

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला काय सांगणार?
म्हटलं, उकळी आलीय, एकेक सोडा.
ते खरोखरच एकेक सोडू लागले,
देवापुढं तांदूळ वाहावेत तसे,
मध्ये थांबून, वाफेतून आत बघत.
अहो भराभरा टाका, पहिल्या विरघळतील!
म्हणाले, एकमेकीला चिकटतील.
बरं, चिकटतील.

पावणेसहाला बसलो.
खिडकीतून ऊन थेट पातेल्यावर.
राजारामपुरीच्या बाराव्या गल्लीत
या वेळेला पोरं क्रिकेट खेळतात, कुणी जेवत नाही,
खालून एकानं दोनदा हाक मारली, सन्म्याऽ,
आणि सन्म्या तोंडात तुपाची चकोली धरून
नुसता हात हलवत राहिला.
त्याच्या खिशात कांदा-लसूण चटणीची पुडी होती.
काढली. माझ्याकडं बघितलं.
परत ठेवली.

बुलेटचं एक चाक अण्णांच्या ताटात गेलं.
हे काय? त्यांनी विचारलं.
चाक.
कशाचं?
आणि मग सन्मती त्यांना गाडीची किंमत सांगत बसला,
ते हिशेब करत बसले,
डाळीवर साय आली तरी.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी पातेलं खरवडायला घेतलं.
रोज या वेळेला त्यांचा हात धुऊन झालेला असतो.
अण्णांनी कॅलेंडर बघितलं, घड्याळ बघितलं.
म्हणाले, अजून सतरा मिनिटं हाईत.
वाढ की.

खरं सांगायचं तर बेत पुरा फसला.
साडेनऊला सन्मती स्वयंपाकघरात डबे वाजवत होता.
पाच वाजता जेवल्यावर असंच होणार, मम्मी,
पोट म्हणजे काय टाकी हाय काय?
पाच नाही, पावणेसहा, त्रिशला आतून म्हणाली,
तिलाही भूक लागली होती.

मी गप्प करायला उठले, अण्णा जागे होतील.
तेवढ्यात त्यांच्या खोलीतून, अंधारातून आवाज आला,
फडताळात, वरच्या डब्यात,
राजगिऱ्याचे लाडू हाईत.
आणि थोड्या वेळानं,
स्टूल घे, पडशील.