रिकाम्या गाडीचं वजन

रेंझो, तुझी युट माझ्या अंगणात उभी आहे
व्हिक्टोरियाच्या प्लेटींसकट,
आणि समोरचा बॅरी रोज कुत्र्याला फिरवताना
आधी प्लेट वाचतो, मग माझं तोंड.
फार दिवस चालायचं नाही हे, म्हणतो.
त्याला सगळे नियम पाठ. स्वतःची गाडी विकली त्यानं कधीच.

नदी ती केवढी!
बटाटे उकडायला ठेवून तू वोडोंगाहून निघायचास,
ऑल्बरीत माझ्याकडे कॉफी प्यायचास,
आणि परत जाऊन गॅस बंद करायचास.
पाणी सगळं आमच्या राज्याचं, मी चिडवायची,
हद्द तुमच्या काठाला लागून.
मग भरा की पाण्याचापण कर, तू म्हणायचास.

दर नाताळात, जेवणं झाली की
तू खिशातून बिल काढायचास, घडी पडलेलं,
एखाद्यानं नातवाचा फोटो काढावा तसं.
"एक बिल. अपघाताचा विमा त्यातच. भरलं की वर्षभर निवांत.
आणि तुमच्याकडे? गुलाबी चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी, मग सरकार.
गाडी चालवता की लग्न ठरवता?"
मी म्हणायची, हिरवी चिठ्ठी चार ठिकाणी भाव करून घेता येते.
तुला करता येतो का भाव?
तेवढ्यात टाउन्सव्हिलहून ब्रूनाचा फोन,
आमच्याकडे सिलिंडर मोजतात, ती ओरडायची,
जेवढे सिलिंडर तेवढा भुर्दंड!
आणि आई, जिला गाडी कधी आलीच नाही,
इटालियनमध्ये विचारायची, कोण आजारी आहे?

एका वर्षी लिफाफ्याच्या पाठीवर
दोन्ही काठांची बेरीज मांडलीस तू, सेंटसकट.
अख्खी दुपार गेली.
फरक निघाला एका टायरचा.
तोही जुन्या.

आता मला कळलं, निळी चिठ्ठीपण असते.
दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीला ती लागते.
तुला हे ठाऊक असतं
तर पुढचे तीन नाताळ पुरलं असतं.

काउंटरवरची मुलगी चांगली होती.
मृत्युपत्रातून आली असेल तर हस्तांतरणाचं शुल्क माफ, म्हणाली,
आणि लगेच, सॉरी.
माफ झालं म्हणून सॉरी की तू गेलास म्हणून,
मी विचारलं नाही. मागे रांग होती.

पण इकडे कर वजनावर, रेंझो,
आणि मागचा लोखंडी हौदा तू घरी जोडलेला,
कंपनीच्या पुस्तकातला आकडा चालेना.
काट्यावर न्या, गॅरेजवाला टेकनाथ म्हणाला.
लहानपणी भूतानी छावणीत राहिलेला पोरगा,
कागद हातात घेतो तो दोन्ही हातांनी.
वजन रिकाम्या गाडीचं लागतं, आत काही असेल तर काढून ठेवा.

आत काही असेल तर.

सीटखालून निघाले मासे धरायचे गळ,
एका हाताचा मोजा,
तंबाखूच्या मळ्यातली बाबांची सुतळी, अजून तोच वास,
अर्धी जपमाळ (तू? जपमाळ?),
चाकाचे सात नट, कुठल्याच चाकाचे नसलेले,
आणि तो लिफाफा.
सगळं काँक्रीटवर मांडलं ओळीनं
आणि पुन्हा जाऊन बसले स्टिअरिंगमागे,
सीट तुझ्या पायांसाठी सरकवलेली, माझे पेडलपर्यंत पुरेनात.

काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला,
बाई, तुम्हीपण उतरा!

उतरले.
आकडा खाली आला तो फक्त माझ्याएवढा.

मंगळवारी तुझ्या प्लेटी पुलापलीकडे परत करायच्या आहेत.
पावाच्या पिशवीत घालून ठेवल्यात.
उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात म्हणे.
तू असतास
तर हे आधी विचारलं असतंस.