रिकामी गाडी

भाताच्या गिरणीच्या फाटकाशी माझा काटा.
अठरा मीटर लोखंड, खाली खड्डा,
बाजूला काचेची खोली, खोलीत मी.
गाडी भरून येते, थांबते, आकडा स्थिरावतो.
गाडी रिकामी होऊन जाते, थांबते, आकडा स्थिरावतो.
मोठ्यातून लहान वजा करून
चिठ्ठी फाडायची. बावीस वर्षं एवढंच.

कामाक्वांत सगळे ओळखतात,
वाल्देसिर, काट्यावरचा.
पूर्वी ड्रायव्हर ओरडायचे, उतर रे, काटा मोडेल!
तेव्हा मी एकशे त्रेसष्ट किलो होतो.

पोर्तो आलेग्रेला जाऊन बायपास केला.
पोट टाकून देतात असं मला वाटायचं. तसं नाही.
ते आतच असतं, फक्त वाट वळवलेली.
गावाबाहेरून नवा रस्ता काढला
की जुन्या पेठेत दुकानं असतात,
गिऱ्हाईक नसतं.

पहिलं वर्ष तर सत्कारातच गेलं.
नेउझा माझी जुनी विजार घेऊन चर्चच्या सभागृहात उभी.
एका पायात ती, एका पायात मी,
आणि लोक टाळ्या वाजवतायत.

दुखणी नंतर आली,
पाहुणे गेल्यावर
घासायची भांडी दिसावीत तशी.

सहाव्या वर्षी पाय.
मोजे काढायला वाकलो तर मोजे नव्हतेच.
दवाखान्यातली इव्होनेची म्हणाली,
गोळ्या बंद केल्या होत्यास ना?
हो. बरं वाटत होतं म्हणून.
तेव्हापासून दर महिन्याला सुई,
आणि अंधारात पायरी पायाने नाही,
हाताने शोधायची.

आठव्या वर्षी एका रात्री जेवणावरून उठलो तो दुमडलेलाच.
नेउझाने गाडी कशी चालवली ते विचारू नका.
सर्जन पोरगेलीशी. तिने कागदावर चित्र काढलं:
आत सगळीकडे चरबी होती, ती गेली,
पडद्यात फटी राहिल्या,
त्यातल्या एकीत आतडं शिरलं, पिळलं.
मी म्हटलं, म्हणजे मी निघून गेलो
आणि दार लावायचं राहिलं?
ती हसली नाही.
हात धुवायला गेली.

आणि गेल्या मार्चात, कापणीच्या ऐन रात्री,
पाव खाल्ला पेरूचा मुरंबा लावून, घाईघाईत.
दोन तासांनी घाम.
काचेबाहेरचे दिवे एकाचे दोन झाले.
एलियेझेरची गाडी रिकामी होऊन आली.
मी आकडा घेतला, चिठ्ठी दिली.
तो चिठ्ठी उजेडात धरून म्हणाला,
वाल्दे, यात गाडी येताना रिकामी, जाताना भरलेली.
मी तुमच्याकडून भात चोरून नेतोय का रे?
मोठ्याने हसला.
मग माझ्या तोंडाकडे बघितलं त्याने.

पायरीवर बसवलं मला.
शर्टाच्या खिशातून केळ्याची गोळी काढून
कागद दातांनी सोलून जिभेवर ठेवली,
लहान मुलाच्या ठेवावी तशी.
मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या.
तो त्यांना आईवरून काय काय बोलला,
ते मला नीट ऐकू आलं,
म्हणजे मी परत येत होतो.

डॉक्टर म्हणतात, गोड खाल्लं की साखर चढते,
चढली की धाडकन पडते,
पडली की गोड द्यावं लागतं.
मी म्हटलं, डॉक्टर, हे सावकाराचं गणित झालं.
तेव्हापासून डब्यात अंडी, घेवडा,
थोडं थोडं, घड्याळ लावून.

नेउझा मिठी मारते
तेव्हा तिचे हात माझ्या पाठीवर एकमेकांना भेटतात
आणि अजूनही थोडे अवघडतात,
ओळख नसलेल्या व्याह्यांसारखे.
पोटावरची कातडी मी बनियनमध्ये खोवतो.
ते तिला माहीत आहे. बोलत नाही.

पहाटे रांग संपते.
मी एकटाच काट्यावर जाऊन उभा राहतो.
चाळीस टनांसाठी केलेलं यंत्र,
वीस-वीस किलोंनीच मोजतं.
ऐंशी दाखवतं.
आहे चौऱ्याऐंशी.
मी जागचा हलत नाही, उगाच थांबतो,
तेवढ्यात वळणावर दिवे दिसतात,
भरलेली आहे, इंजिनच्या आवाजावरून कळतं.