सोव्हिएत संघाखाली बसून

आमच्या वर्गातल्या नकाशावर सोव्हिएत संघ अजून फुटलेला नाही.
कॉलेजनं नवा मागवला नाही,
आणि जुना काढला तर भिंतीची ओल दिसते.
त्या गुलाबी पसरट देशाखाली उभं राहून
काटेखाये सर त्याचंच विघटन शिकवतात.
सैबेरियातून पाल निघते, काळ्या समुद्रापाशी थबकते.
सर डस्टर आपटतात,
ती उरलमागं परत.

एम.ए. भाग एक. पटावर बावीस, हजर चौघं,
त्यातला रोशन मांडीवर तलाठी भरतीचं पुस्तक घेऊन.
सकाळची लाखांदूर गाडी चुकली
की माझा सत्तासमतोल चुकतो.
नेतृत्वाच्या धड्यात ‘करिश्मा’ आला
तेव्हा सगळे माझ्याकडं वळून हसले.
माझं नाव आईनं सिनेमाच्या पोस्टरवरून ठेवलंय,
सरांना हे सांगितलं नाही.

बाजारात मासोळी तोलता तोलता आई सांगते,
“पोरगी राजकारन शिकते.”
गिऱ्हाईक विचारतं, “कोन्त्या पार्टीचं?”

*

कवितेत मासोळीला सीमा नसते.
असते.
चैतात पाणी उतरतं, आमच्या बाजूला चिखल उरतो,
आणि सगळी मासोळी डोहात जाते,
डोह खैरबोडीच्या अंगाला.
तीन वर्षं झाली त्यांचं जाळं कापलं गेलं त्याला,
आमचा डोंगा बुडाला त्यानंतर चार दिवसांनी.
कोणी केलं, दोन्ही गावांना माहीत आहे.
दोन्ही संस्था एकमेकींशी बोलत नाहीत,
सोयरिकी मात्र होतात, वरातीही जातात,
फक्त तलावाच्या पाळीवरून नाही, लांबच्या रस्त्यानं.

यंदा बैठक ठरली. पाळीवरच, मधोमध.
सतरंजी कोणाची, यावर सकाळ गेली.
शेवटी दोन आणल्या, जोडून टाकल्या.
चहाच्याही किटल्या दोन.
लिहायला मला बसवलं,
अक्षर बरं म्हणून, आणि
“थे तसलंच काही शिकते ना” म्हणून.

मी लिहिलं:
डोहाचा उत्तर भाग खैरबोडीची संस्था आमच्या संस्थेस देईल.
उरकुडाबाबांनी कागद डोळ्यांशी नेला,
चष्मा नव्हता, नातवानं वाचून दाखवलं.
“देईल नाई लिहाचं, बाई.
देनारा मोठा होते, घेनारा लहान होते.
राहील, असं लिही.”
एका शब्दाला पाऊण तास.
दोन्ही किटल्या गार.

मग आमचे अध्यक्ष म्हणाले, पूर्वीप्रमाणे राहील, असं टाका.
“पूर्वी म्हनजे कधी?”
पाळ फुटली त्या साली? त्याआधी?
दोन म्हातारे बोटांवर साल मोजू लागले,
दोघांची बोटं वेगवेगळ्या ठिकाणी थांबली.
कोणीतरी खाकरलं.
उरकुडाबाबा तलावाकडं बघत म्हणाले,
“राहू दे. पूर्वीप्रमाणे. कधीचं थे नको लिहू.”

सह्या झाल्या, अंगठे झाले.
एका सतरंजीवर शाई सांडली,
ती कोणाची, यावर परत थोडं.

*

काटेखाये सरांनी याला एक शब्द दिला होता,
त्या संध्याकाळी आठवला नाही.
परीक्षेत आठवला, तिसऱ्या पेपरात,
प्रश्न चौथा, गुण आठ:
राजनयातील संदिग्धतेचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.

सर सांगतात, उदाहरणं पुस्तकातली द्या,
तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही.
मी दिली. दोन देश, एक करार, एक शहर,
सगळं गाईडमध्ये आहे तसं.
खाली एक ओळ आपोआप आली:
तसेच, दोन गावांच्या तलावाबाबत...
घंटा व्हायला तीन मिनिटं होती.
मी ती ओळ खोडली,
एकच रेघ मारून,
खालची अक्षरं वाचता येतील अशी.