पेवात कंदील

हरिपूरला हळदीचं पेव उघडलं
की इलाहीचाचा आधी कंदील सोडायचे खाली,
दोरीच्या गाठी मोजत.
ज्योतीनं मान टाकली तर कुणी उतरायचं नाही,
मग हळदीचा भाव काहीही असो.

आज संगमाच्या घाटावर उताणा पडून
मी आकाशगंगेत तसाच कंदील सोडतोय.
मध्याशी ताऱ्यांची दाटी,
एक फुटला की शेजारपाजार करपतो.
पार कडेला लोखंडच पुरत नाही
कुणाच्या रक्तात घालायला.
मधल्या पट्ट्यात, कितव्या गाठीला कोण जाणे,
ज्योत हलते,
तगते.

चाचा म्हणायचे,
कंदील जळतोय म्हणजे जागा आपली झाली, असं नाही पोरा.
एवढंच, की थोडा वेळ
श्वास घेता येईल.

चल, पोती भर.